जिवंत प्रवाळाचा फोटो

खऱ्याखोट्याची पारख करणाऱ्या यंत्राने हेमलता कुबलचा फोटो तिसऱ्यांदा नाकारला. अकरा वर्षांत जिवंत प्रवाळ कुणालाच दिसलं नव्हतं, त्यामुळे ते दाखवणारा प्रत्येक फोटो यंत्राच्या लेखी बनावटच होता.

“जागा सांगा,” नोंदणी कार्यालयातले तांडेलसाहेब म्हणाले. “आमची माणसं बुडी मारून खात्री करतील. नाहीतर खोट्या फोटोपायी तुमचा परवाना जाईल.”

हेमलता सांगणारच होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला अनोळखी माणूस वही उघडून पुढे सरकला.

“हे कोण?” तिने विचारलं.

“मत्स्यालयाचे मालक. प्रवाळ काढून यांच्या टाकीत हलवू. तिथे ते सुरक्षित राहील.”

“शेवटचं प्रवाळही यांनीच नेलं होतं ना? ते जगलं का?”

तांडेलसाहेब कागद चाळू लागले. मालकाने पेनचं टोपण काढलं.

हेमलताला प्रवाळाच्या त्या खडकाभोवतीचे इवलेसे निळे मासे आठवले. सोळा वर्षं ती समुद्रात उतरत होती; दुसरं कुठलंही काम तिला येत नव्हतं.

“साहेब, यंत्र बरोबर आहे,” ती म्हणाली. “फोटो मीच घरी बसून बनवला.”

तिने कबुलीवर सही केली आणि समुद्रात उतरण्याचा परवाना टेबलावर ठेवला. आता ते प्रवाळ तिलाही पुन्हा दिसणार नव्हतं.