दोन घरची पाहुणी

गाइड पुढे, त्याच्यामागे दोन घरची मंडळी, आणि मंडळींच्या मागे चार हात सोडून ती. मंडळी म्हणजे मुलाकडचे आणि मुलीकडचे. लग्न नुकतंच पार पडलेलं, आणि दोन्ही घरं मिळून जुनी देवळं बघायला निघालेली. ती त्यांतली कुणीच नव्हे.

एकटीने फिरायचं आणि तेही स्वस्तात, तर स्वतःचा गाइड कुठून आणणार? दुसऱ्याच्या गाइडचं फुकटात ऐकायचं, आणि त्याने मागे वळून पाहिलंच तर एखाद्या खांबाकडे टक लावून बघत राहायचं. आजवरच्या सगळ्या देवळांत तिने हेच केलं होतं. कान अगदी तयार झाले होते. तोंड मात्र गंजलं होतं. कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी बोललं असेल तर एवढंच, "जरा सरका."

आज मात्र गाभाऱ्याच्या दारात मुलाच्या आत्याने तिचा हात धरला. "सांभाळून हो, पायरी झिजलीये." धरलेला हात मग सोडलाच नाही. आत्याला वाटलं, बाई मुलीकडच्या.

बाहेर आल्यावर मुलीच्या काकांनी तिला सावलीत बसायला जागा दिली आणि स्वतः उन्हात उभे राहिले. काकांना वाटलं, बाई मुलाकडच्या.

आता नव्या सोयरिकीत "तुम्ही कोण?" असं तोंडावर विचारायचं म्हणजे पंचाईतच. न जाणो, नेमकी मानाची मावशी निघाली तर जन्माची बोलणी खायची. म्हणून कुणीच विचारलं नाही. एकाने पाणी दिलं, एकीने खांद्यावरची पिशवी काढून घेतली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही दोन्हीकडे पोटभर जेवत होती म्हणायची.

खरं सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं तर काम. पण आत्या कानाशी लागली होती, "पोरगी तुमची गुणी आहे हो. जरा कमी बोलते, एवढंच." कुणीतरी आपल्याला घरातलं काही सांगतंय, याचंच तिला इतकं बरं वाटलं की ती म्हणाली, "लहानपणापासून तशीच आहे." बोलून गेली आणि मग जीभ चावली.

मोठ्या मंडपासमोर गाइड थांबला. "इथे सगळ्यांचा एक फोटो होऊ दे. मुलाकडचे डावीकडे, मुलीकडचे उजवीकडे."

नवरामुलगा फोन घेऊन समोर गेला. नवरी पायरीवर बसली. मागे दोन्ही घरची माणसं भराभर आपापल्या बाजूला लागली. ती मधेच राहिली.

"जा ना, तुमच्या माणसांत उभ्या राहा," आत्या प्रेमाने म्हणाली.

"छे छे, त्या तुमच्याकडच्या ना," पलीकडून काका म्हणाले.

आत्याने काकांकडे पाहिलं, काकांनी आत्याकडे. मग दोघांनीही तिच्याकडे. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान तिथून चालू लागता आलं असतं. तिला रडू येत होतं. ते तिने गिळलं आणि सरळ नवऱ्यामुलापाशी गेली.

"दे तो फोन. मी काढते. नवरामुलगाच नसेल तर फोटो कसला?"

तो हसत बायकोशेजारी जाऊन बसला. तिने फोन समोर धरला. डावीकडे एक घर, उजवीकडे एक घर. मधे एका माणसापुरती मोकळी जागा.

"ती तुमची ठेवलीये हो," आत्या म्हणाली. "एक काढा आणि या."

"नको," ती म्हणाली. "तिथे कुणी नाहीये. सरका जवळ."