दौतीवरचा शाप

मध्ययुगीन लेखनिकाची दौत घासता घासता संग्रहालयातल्या कारागिराचे सहा महिने गेले होते. दौतीच्या पोटावर, मळाखाली, काहीतरी कोरलेलं होतं, आणि तो शापच असणार असं त्याने वार्ताहरांनाही छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. आज ते सगळे कॅमेरे सरसावून त्याच्याभोवती उभे होते. त्याने शेजारच्या टेबलावर पुस्तकं सांधणाऱ्या बायकोच्या बाटलीत ब्रश बुडवला. ती करवादली, “अहो, स्पिरिट उडून जातंय! झाकण कुठे टाकलंत?” “इथे इतिहास उघडतोय आणि तू झाकणाचं काय घेऊन बसलीस?” तो खेकसला. शेवटचा थर निघाला. जुनी लिपी जाणणाऱ्या बाईंनी भिंग धरून मोठ्याने वाचलं, “माझी शाई चोरणाऱ्या शेजाऱ्या, निदान झाकण तरी लावत जा.” कारागिराने गुपचूप खिशात हात घातला. तीन झाकणं निघाली.