शेक

बाजेवर उताणा पडलेल्या सर्जेरावच्या कमरेखाली शालननं निखाऱ्यांची शेगडी सरकवली. सुंभाच्या विणीतून धग वर आली तसा तो बाजूला सरकला.

"हलू नका हो. नीट शेक लागल्याशिवाय पाठ मोकळी व्हायची नाही."

पाठीला काही झालंच नव्हतं. काय झालंय ते डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून सांगितलं होतं. दोष बायकोत नाही; लोखंडाला चढतो तसा गंज तुमच्या शुक्रजंतूंना आतून चढलाय. तंबाखू सोडा, भट्टीपासून लांब राहा, कमरेखाली धग लागू देऊ नका. त्यानं तंबाखू सोडली, फाउंड्रीतली भट्टी सोडून स्टोअरला बदली मागून घेतली आणि विचारतील त्यांना पाठदुखीचं कारण सांगितलं. मग भट्टीवरचे सोबती काळजीपोटी घरी आले आणि शालनला शेकाचा उपाय सांगून गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही शेगडी.

शालन निखाऱ्यांना वारा घालत होती. "आई आज परत म्हणाल्या, डॉक्टरला दाखवून ये. मी म्हटलं, माझ्यातला दोष राहू दे बाजूला. आधी ह्यांची पाठ बरी होऊ दे."

सर्जेराव उठून बसला. "शेगडी काढ."

"चटका बसला का?"

सांगायचं तर आत्ताच. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"हो," तो म्हणाला.

तिनं त्याला पाठमोरं बसवलं, सदरा वर केला आणि न बसलेल्या चटक्यावर ती हळूहळू फुंकर घालत राहिली.