कच्चा दोरा

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या शिंपीणबाई इन्शिराह यांचा उजवा हात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी साचून उशीसारखा फुगला होता. दोन वर्षं बोटं कात्रीत शिरत नव्हती. डॉक्टर तामेरने कातडीखाली कोलॅजनचे धागे बसवले आणि सूज उतरू लागली. सहा महिन्यांनी तपासणीत मात्र एकही धागा दिसेना. “विरघळले, हाज्जा,” तामेर आदराने म्हणाला, “तसंच व्हायचं होतं.” इन्शिराहबाई उसळल्या. “एवढा शिकलेला तू आणि कच्चा दोरा वापरलास? हात पुन्हा फुगला म्हणजे?” “अहो, धाग्यांच्या आधाराने पाणी वाहून नेणाऱ्या नव्या नळ्या वाढल्या. आता धागे कशाला?” “म्हणजे पक्की शिलाई झाल्यावर कच्चा दोरा काढतात तसं? मग आधीच सांगायचं ना, मेल्या!” त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला. “कोट उतरव. बाही उसवलीय तुझी.” पेशंट बाहेर ताटकळले तरी बाई शिवतच राहिल्या, उजव्या हाताने.