दौलतरावांचा नेम

संस्थान विलीन होऊन होळकरांची फौज मोडली, तसे सुभेदार दौलतराव घरी बसले. इंदूरच्या बडा गणपती मंदिराजवळच्या महाराजांकडून तुळशीची माळ घेतली आणि घरातलं मटण बंद केलं. पुढच्या वर्षी सून यशोधरा बाळंतपणानंतर फार खंगली. डॉक्टर म्हणाले, "बकऱ्याच्या पायांचं सूप द्या, नाहीतर कठीण आहे." मुलगा नोकरीला ग्वाल्हेरला, घरात दुसरी बाई नाही.

"नको मामंजी, तुमचा नेम मोडेल," यशोधरा म्हणाली.

दौलतरावांनी स्वतः बाजारातून पाये आणले, अंगणात वेगळी चूल मांडून सूप केलं आणि तिची वाटी संपेपर्यंत समोर बसून राहिले. मग माळ उतरवली आणि ती परत करायला महाराजांकडे गेले.

महाराजांनी सगळं ऐकून विचारलं, "नमक बराबर था?"

"चखा नहीं, महाराजजी."

"तो माला क्यों उतारी? पहन लो."

घरी येऊन त्यांनी सुनेला विचारलं, "सुपात मीठ बरोबर होतं ना गं?"

"तुम्ही घातलंच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही चाखून बघितलं असतं, मामंजी."