सुट्टीपुरती पाहुणी

टेबलाच्या शेवटच्या कोपऱ्यावर गुंडाळलेली कापसाची पट्टी घड्याळजीच्या हातून पुन्हा सुटली, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू दार लोटून आत आल्या.

"अगंबाई! टेबलाला काय लागलं?"

"टेबल कुणाला लागू नये म्हणून चाललंय, काकू," तो पुटपुटला.

काकूंनी कमरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवली. खुंट्या खाली आणल्या होत्या. बोळकांडीत गुडघ्याच्या उंचीवर मंद दिवा बसवला होता. न्हाणीघरात रबरी चटई अंथरली होती, आणि बैठकीतला गालिचा, कुणाचा पाय अडकू नये म्हणून, गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

"म्हणजे उद्या येणार म्हणायची ती."

"सुट्टीपुरती," शिलाई यंत्रावरून मान वर न करता त्याची बायको म्हणाली. "आवडलं तर कायमची."

"आणि नाही आवडलं तर?"

यंत्र थांबलं.

आपण भलतंच बोलून गेलो, हे काकूंच्या लक्षात आलं. "आवडेल गं, न आवडायला काय झालं? पण मी आपली म्हणते हो, तान्हं असतं तर लळा चटकन लागतो. लोकांच्या बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. तुमच्या बाळाचे पाळण्याबाहेर लोंबत असणार!"

"तिचे पाय पाळण्यात मावायचे नाहीत, हे खरं," बायको म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

"बरं, आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं पडून आहेत. पाठवू का?"

"मोठ्या अक्षरांची असतील तर पाठवा," घड्याळजी म्हणाला.

काकू गेल्या. संध्याकाळचं उतरतं ऊन खिडकीत रेंगाळलं. ती दोघं एकाच अनाथाश्रमात वाढली होती. रांगेतल्या खाटा आणि एकसारखी पांघरुणं एवढाच त्यांचा घराशी परिचय. त्यामुळे सजावटीच्या नादात त्यांच्या हातून जे व्हायचं तेच झालं होतं. पडदे निळे, उशा निळ्या, टेबलावरचं कापड निळं. भिंतीवर तीन टॉवेल एका ओळीत, आणि चादरीच्या कडा अशा ताणलेल्या, जणू आता तपासणीला कुणी येणार आहे.

बायको दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली.

"आपण घर सजवलंय की वसतिगृह?"

"नीटनेटकं दिसतंय की."

"तेच तर! जिथून येतेय, तिथेही असंच नीटनेटकं आहे."

मग तिने पाहुणीच्या खोलीतला निळा पडदा उतरवला आणि जिवापाड जपलेल्या पिवळ्या साडीचा नवा पडदा बेतला. त्याने चादरीची एक कड मुद्दाम विस्कटली. थोडं मागे सरून दोघांनी पाहिलं. खोली आता कुणाची तरी वाटत होती.

पाहुणीची त्यांनी निवड अशी केलीच नव्हती. ती राहायची त्या संस्थेच्या दिवाणखान्यातलं बंद पडलेलं घड्याळ उतरवायला तो स्टुलावर चढला, आणि काम संपवून उतरेपर्यंत त्या स्टुलाचा पाय कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. तो पडू नये, याची काळजी आजवर कुणी केली नव्हती. त्यानंतर दर रविवारी दोघं तिथे जाऊ लागली.

संस्थेच्या व्यवस्थापक बाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "एकदा एका घरी नेली होती तिला, आपलं माणूस म्हणून. महिन्याभरात परत आणून सोडली. तेव्हापासून ती कुणाला नात्याने हाक मारत नाही. तुम्हीही आशा धरू नका."

आशा न धरता भेटवस्तू कशी निवडायची, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. दुकानात त्याची बोबडीच वळली.

"वय काय?" दुकानदाराने विचारलं.

"नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"पाऊल केवढं?"

त्याने आपला पंजा पसरून दाखवला.

"मग गुलाबी घ्या. मुलींना गुलाबीच लागतं."

त्याने लाल घेतल्या. लोकरीच्या, मऊ, न घसरणाऱ्या तळाच्या सपाता. बायको घरी म्हणाली, "शोभेचं काही आणायचं होतंस."

"शोभेची वस्तू फळीवर बसते. सपाता पायात घातल्या, की माणूस घरातलं होतं."

"एवढं तिकडे बोलला असतास, तर दुकानदारानेही कौतुक केलं असतं," ती म्हणाली, आणि सपातांभोवती भेटीचा कागद स्वतःच गुंडाळू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. घोकून ठेवलेलं स्वागताचं वाक्य बायको क्षणात विसरली आणि "दूध उतू जाईल" म्हणत स्वयंपाकघरात पळाली. चुलीवर दूध नव्हतंच. दार उघडायला तो एकटाच उरला.

समोर व्यवस्थापक बाई होत्या, आणि त्यांच्या पाठीशी, अर्धवट आडोशाला, पाहुणी. बाईंनी डोळ्यांनीच खुणावलं: घाई नको.

काय करावं ते न सुचून तो उंबऱ्यापाशी खाली बसला आणि पाहुणीच्या चपलेचा पट्टा सोडवू लागला. मान वर करण्याचं धैर्य होईना.

"घर तसं लहानच आहे," तो त्या पावलांशीच बोलला. "नाही आवडलं, तर तसं सांगायचं. आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

हे साफ खोटं होतं, आणि ते त्याच्या आवाजालाही ठाऊक होतं.

मग त्याच्या केसांवर एक हात आला. सत्तरेक वर्षांच्या कष्टांनी सुरकुतलेला, किंचित थरथरणारा.

"ऊठ रे बाळा," पाहुणी म्हणाली. "आणि माझी सून कुठे लपून बसलीय? तिला म्हणावं, सासू आली."