पांढरा चौकोन

शहरातल्या धुराचा नकाशा पडद्यावर झळकला, तेव्हा तो तयार करणाऱ्या, नाकासमोर चालणाऱ्या रेवतीला स्वतःचाच अभिमान वाटला. भंगारवाडीत वायरी जाळून तांबं काढतात, पण एकाही भट्टीची सरकारदरबारी नोंद नाही. खोटा आकडा ठोकण्यापेक्षा तिने नकाशावरचा वाडीचा चौकोन पांढराच ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘माहिती अनिश्चित’.

“वा! पांढराशुभ्र!” आयुक्त म्हणाले. “डांबराचा कारखाना इथेच टाकू. बाकी शहर आधीच लाल आहे.”

“साहेब, पांढरा म्हणजे स्वच्छ नव्हे. तिथलं आम्हाला माहीत नाही, एवढंच.”

“माहीत नाही ना? मग हरकत कसली घेता?”

भूमिपूजनाला वाडीतल्या शेवंताक्का तोंडाला पदर लावून आल्या. “पोरी, पाहणीला आलीस तेव्हा आमच्या दारात तुलाच खोकला आवरत नव्हता,” त्या रेवतीला म्हणाल्या. “मग तुला काय माहीत नव्हतं म्हणे?”